घमेल्यातली मूठ

बिजलीबाई थकली होती. आजची नाही, कालची नाही, कोण जाणे कोणत्या सालापासून थकलेली होती. साठी ओलांडून दोन वर्षं झालेली, गुडघे म्हणायचे पुरे कर, कंबर म्हणायची पुरे कर, आणि ही बया हिवाळाभर रोज सकाळी पाझर तलावाच्या काठावर पाण्यात पाय सोडून माती धूत बसायची. त्या मातीत सोनं निघत असतं तर एक वेळ समजलं असतं. पण बिजलीबाई मातीत दात शोधत होती. कोणाचे म्हणाल, तर सहा-साडेसहा कोटी वर्षांमागं मरून गेलेल्या, उंदराएवढ्या जनावरांचे. तांड्यातल्या बायकांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या पदर तोंडात कोंबून हसल्या. फकिरा, तिचा नवरा, हसला नाही. तो एवढंच म्हणाला की आपल्या तोंडात चार उरले नाहीत आणि ही दुसऱ्याचे शोधून राह्यली.

खेमसिंगतांडा दारव्ह्याहून काळीपिवळी जीपनं पाऊण तासावर. मागं टेकडी, पुढं शेतं, मधे साठ-सत्तर घरं. टेकडीच्या पायथ्याशी पांढऱ्या मातीचा एक पट्टा होता, आणि दिवाळी आली की तांड्याच्या बाया टोपल्या घेऊन तिथं जायच्या. ती माती भिजवून भिंतीला दिली की घर कसं लख्ख दिसायचं. आता सिमेंटच्या भिंती आल्या, डब्यातला रंग आला, तरी बिजलीबाई वर्षाला दोन टोपल्या आणायचीच. तीन वर्षांपूर्वी अशीच ती टोपली घेऊन गेली, तर तिथं एक पोरगी हातात हातोडा घेऊन दगडांभोवती घिरट्या घालताना दिसली. डोक्यावर टोपी, पाठीवर पिशवी, चेहरा उन्हानं लाल.

"काहून फिरून राह्यली वं?" बिजलीबाईनं विचारलं.

ती सुरभी. नागपूरहून आलेली, पीएचडी करणारी. तिला जी माती हवी होती तिच्यावरच ती उभी होती, फक्त वर झुडपं माजल्यामुळं तिला दिसत नव्हती. बिजलीबाईनं टोपली खाली ठेवली, विळ्यानं झुडूप बाजूला केलं आणि दाखवलं. त्या पोरीनं एक ढेकूळ फोडलं, भिंग डोळ्याला लावलं आणि मटकन खालीच बसली. बिजलीबाईला वाटलं हिला ऊन लागलं. म्हणून तिनं तिला घरी नेऊन गूळपाणी दिलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

सुरभीनं तिला जे सांगितलं ते बिजलीबाईनं आपल्या परीनं समजून घेतलं होतं. टेकडीचा हा काळा दगड म्हणजे एकेकाळी पेटून वाहिलेला चिखल. जमीन फुटून आग बाहेर आली, पसरली, थंड झाली. मग हजारो वर्षं शांतता. खोलगट जागी तळी भरली, मासे आले, बेडूक आले, गोगलगाई आल्या, आणि काठावरच्या गवतात पिलांना दूध पाजणारी इवली इवली जनावरं राहू लागली. त्यांना सस्तन म्हणतात. आपण सगळे त्यांच्याच नात्यातले. मग पुन्हा जमीन फुटली, पुन्हा आग, तळं गाडलं गेलं. या टेकडीवर असं दोनदा झालेलं. खाली पांढरी माती, तिच्यावर काळा दगड, त्याच्यावर हिरवट माती, आणि तिच्यावर पुन्हा काळा दगड. म्हणजे दोन तळी, आणि दोघांच्या मधे एक आग.

वरच्या हिरवट मातीच्या गोण्यांना सुरभी लाल रंगाचा पट्टा मारायची, खालच्या पांढऱ्या मातीच्या गोण्यांना निळा. गोणी उन्हात वाळवायची, मग पाण्यात भिजवायची, घमेल्यात कालवून बारीक चाळणीतून धुवायची. चिखल वाहून जातो, चाळणीवर कणी उरते. ती कणी वाळवून, ज्या गोणीची त्या डब्यात भरून, पांढऱ्या ताटलीत चिमूट चिमूट पसरायची आणि ओल्या कुंच्यानं एकेक कण बाजूला सारत पाहायचं. दात असला तर असा, तिळाएवढा. पुष्कळदा तिळाच्या निम्मा.

सुरभीनं आधी कॉलेजची दोन पोरं आणली होती. त्यांना दिवसभरात काही दिसायचं नाही आणि संध्याकाळी डोकं दुखायचं. बिजलीबाईला पहिल्याच दिवशी दिसला. अहो, तिचा डोळाच तसा. लग्नाच्या घागऱ्यावर तिनं स्वतः टाके भरलेले, आरशाभोवती धागे मोजून मोजून. पन्नास वर्षं ज्या बाईनं सुतातलं सूत मोजलं तिला दगडातला दात वेगळा दिसणारच. ती म्हणाली, याची चकाकी निराळी हाय. सुरभीनं भिंगातून पाहिलं आणि तिला मिठीच मारली. बिजलीबाईला ते अवघड झालं, पण बरंही वाटलं.

तेव्हापासून तीन हिवाळे हे काम चाललं. बाई रोज थकायची, रोज बडबडायची, की उद्यापासून येत नाही, मेलेल्याचे दात मेलेल्याला लखलाभ, आणि दुसऱ्या दिवशी हजर. लाल पट्ट्याच्या गोण्यांमधून एकोणीस दात निघाले. निळ्यामधून एकही नाही. मासे निघायचे, गोगलगाई निघायच्या, सुसरीच्या दाताचे तुकडे निघायचे, पण ते इवलं दूध पाजणारं जनावर नाही.

मग मागच्या हिवाळ्याच्या शेवटी निळ्या गोणीच्या ताटलीत एक दात निघाला. अगदी त्या लालमधल्यासारखाच. सुरभी तर वेडीच झाली. तिनं बिजलीबाईला हात धरून समजावलं की हे केवढं मोठं आहे. याचा अर्थ हा जीव वरच्या तळ्याकाठी होता तसा खालच्याही तळ्याकाठी होता. मधे एवढी आग येऊन गेली, सगळं गाडलं, पण हा इवलासा जीव कुठंतरी तगला आणि परत आला. असं आजवर कोणाला दाखवता आलं नव्हतं.

बिजलीबाईला ती गोष्ट फार आवडली. हत्ती नाही, वाघ नाही, मुठीत मावेल एवढं जनावर, आणि ते आगीतून वाचलं. ती घरी येऊन फकिराला सांगत बसली, सून बबिताला सांगत बसली. आणि सुरभीनं आणखी एक सांगितलं होतं. हा लेख छापून येईल तेव्हा त्यात कोणी काय शोधलं ते लिहायचं असतं. त्यात एक ओळ असेल, बिजलीबाई फकिरा आडे, खेमसिंगतांडा, तालुका दारव्हा. नाव आणि गाव, दोन्ही एका ओळीत, छापील.

बिजलीबाईनं ती ओळ तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतली होती. का, ते सांगायला हवं.

फकिराचा आजा शंकरसिंग बैलांवर गोण्या लादून मुलुखभर फिरलेला माणूस. बापाच्या काळी ते फिरणं थांबलं, पण कामासाठी हिंडणं काही थांबलं नाही. फकिराला शाळेत घातलं त्या वर्षी घरची माणसं महागावकडं कापूस वेचायला गेली होती आणि आदल्या दिवशीच परत आली होती. मास्तरनं विचारलं, कुठून आले? बापानं सांगितलं, महागावहून. खरंच तर होतं. तिथूनच आले होते. मास्तरनं दाखल्यावर गाव लिहिलं महागाव. पुढं लखन, बिजलीबाईचा मुलगा, पोलीस भरतीत धावण्यात पहिला आला, आणि जातीच्या दाखल्यासाठी एकसष्ट सालाच्या आधीचा पुरावा लागला. दारव्ह्याच्या ऑफिसातला बाबू म्हणाला, तुमच्या बापाचं गाव महागाव, तिकडून आणा. महागावचा बाबू म्हणाला, असा माणूस इथल्या कागदात नाही, तिकडून आणा. लखननं चार वर्षं चपला झिजवल्या. मग वय निघून गेलं. आता तो दारव्हा रोडवर काळीपिवळी चालवतो, आणि भरतीचं नाव काढलं की उठून बाहेर जातो.

म्हणून ती छापील ओळ. फकिराला तर तिनं तीन वेळा ऐकवली.

या वर्षी जानेवारीत सुरभी आली तीच लेख लिहून. येत्या सोमवारी तो पाठवायचा होता. तांड्यातल्या बायकांना तरी कळू दे आपली बिजलीबाई काय करते, म्हणून तिनं मंदिरासमोरच्या ओट्यावर एक मोठं चित्र पसरलं. टेकडी मधून कापल्यासारखी काढलेली. बाया जमल्या. बिजलीबाई पुढं बसली, नवी साडी नेसून, जरा ताठच.

सुरभीनं लाल थर दाखवला, निळा थर दाखवला. मग म्हणाली की या कामात सगळ्यात मोठी गोष्ट शोधणं नाही, दात कोणत्या थरातला ते पक्कं ठाऊक असणं ही आहे. लाल मातीतला एक कण जरी निळ्या मातीत गेला, तरी तीन वर्षांचं काम पाण्यात जाईल. दातावर काही लिहिलेलं नसतं. आपण सांगू तेच त्याचं गाव. म्हणूनच, ती म्हणाली, मी हे काम दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं नाही, बिजलीबाईंच्याच दिलं.

बाया कौतुकानं बिजलीबाईकडं पाहू लागल्या. बिजलीबाई मात्र स्वतःच्या हातांकडं पाहू लागली.

गोण्या तिनं कधी मिसळल्या नव्हत्या. डबे मिसळले नव्हते. चाळणी दर वेळी घासून धुतली होती. पण घमेलं? घमेल्याचं कोणी विचारलं नव्हतं आणि तिच्याही मनात आलं नव्हतं. तांड्यात कोणतीच बाई भांड्याचा तळ उघडा पडू देत नाही. कोठीतले दाणे संपत आले तरी शेवटची मूठ तशीच ठेवायची आणि नवे दाणे तिच्यावर ओतायचे. पीठ असो, मीठ असो, तेच. बिजलीबाईच्या याडीनं, म्हणजे आईनं, तिला हे सांगितलं होतं आणि तिला तिच्या आईनं. पूर्वी बैलावरची गोणी रिकामी करतानासुद्धा आत मूठभर माल राहू द्यायचे, म्हणजे रित्या पाठीनं वाट चालली असं होऊ नये. बरकत त्या मुठीत असते. हे काही आठवून करायचं काम नव्हतं, हातच करायचा. एका गोणीची माती धुऊन झाली की डावा हात आपोआप तळाचा मूठभर चिखल धरून ठेवायचा आणि उजवा दुसऱ्या गोणीची माती वर ओतायचा. तीन हिवाळे. आणि निळ्या गोण्या जड असायच्या, तेव्हा कंबरेला आराम मिळावा म्हणून ती एक लाल, एक निळी, अशीच धरायची.

चित्रावरून नजर काढून ती उठली. बबितानं विचारलं, याडी, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, गुडघा दुखून राह्यला.

पुढचे दोन दिवस ती कामाला गेली. हात पाण्यात, मन भलतीकडं. बाई स्वतःवरच चिडली होती. एवढ्याशा मुठीनं काय होतंय, असं ती स्वतःला समजवायची. दात निळ्यातलाच असंल. कशावरून मुठीतला? कोणाला कळणार? सुरभीला कळणार नाही, तिच्या पीएचडीच्या सरांना कळणार नाही, त्या जनावराला तर नाहीच नाही. आणि ती ओळ छापून येईल. फकिरा ती ओळ घेऊन मंदिरापुढं बसेल. कधी नव्हे ते लखनही पाहील. एवढं सुख पदरात पडत असताना आपणच ते उडवून लावायचं, तर आपल्यासारखी खुळी कोण?

पण तिच्या समोर सारखा तो मास्तर यायचा, ज्याला तिनं कधी पाहिलंही नव्हतं. तो विचारतो, कुठून आले? आणि कोणीतरी खरं तेच सांगतं, आणि तेच चुकीचं लिहिलं जातं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाकर खाऊन झाल्यावर ती सुरभीला म्हणाली, "पोरी, मले तुले काही सांगाचं हाय. मी घमेलं कधी रितं नाई केलं."

सुरभीला कळलं नाही. तिला वाटलं बाई काही बाहेरबाधेचं सांगतेय. मग बिजलीबाईनं समजवत बसण्यापेक्षा करून दाखवलं. घमेल्यातला चिखल चाळणीवर ओतला, डाव्या हातानं तळाला मूठ धरली, आणि उजव्या हातानं शेजारच्या गोणीतली माती वर टाकली. सवयीचा हात, कुठं अडखळला नाही.

सुरभी त्या घमेल्याकडं पाहतच राहिली. "दर वेळी?"

"दर वेळी."

"लालनंतर निळी असली तरी?"

"हाव. एक लाल, एक निळी. निळी जड राह्यते ना."

सुरभी काठावर बसली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बिजलीबाईला सोपं गेलं असतं. तिनं फक्त विचारलं, "असं करायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"माह्या याडीनं," बिजलीबाई म्हणाली.

 मग सुरभी हळूच म्हणाली की सोमवारी लेख जाणार होता. तीन वर्षं आणि निळ्यातला हा एकच दात. आणि मग, मान खाली घालून, "मावशी, तुम्ही बोलला नसता तर कोणाला कळलंही नसतं."

यावर बिजलीबाईचा पारा थोडा चढला. सगळ्या बाजूंनी थकलेल्या माणसाला येतो तसा राग. "मालूम हाय मले. दोन दिस तेच तर मनाले सांगून राह्यली मी. माह्या सासऱ्याले मास्तरनं पुसलं, कोठून आले. त्यानं आदल्या दिवशीचा मुक्काम सांगतला. खोटं नाई बोलला तो. पण तेवढ्यापायी माह्या लखनची भरती गेली, अन् तो माह्याशी आजपावतो धड बोलत नाई. ह्या दाताचंही कोणी ना कोणी खरं गाव शोधत येईन. त्याले कायले हिंडवाचं?"

सुरभीनं तोंड फिरवलं. बिजलीबाईला दिसलं की ती रडतेय. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण हात चिखलाचा होता, म्हणून ती तशीच बसून राहिली.

संध्याकाळी सुरभीनं सरांना फोन केला. सरांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की दुसरा दात निळ्या मातीतून, स्वच्छ धुतलेल्या भांड्यातून निघाला तर सगळं तसंच उभं राहील. नाहीतर निळ्या थराचं नाव घेऊ नकोस. आता निळी माती आणायची कुठून? पायथ्याची जमीन सदाशिवरावांची. त्यांनी दिवाळीनंतर जेसीबी लावून शेत सपाट केलेलं, पांढऱ्या मातीचा पट्टा मुरमाखाली गेला, वर हरभरा डोलत होता. त्यांचं शेत, त्यांची मर्जी, कोण काय बोलणार? आधी काढून ठेवलेल्या निळ्या पट्ट्याच्या सात गोण्या बिजलीबाईच्या घराच्या पडवीत होत्या. तेवढ्याच.

सात गोण्या. बिजलीबाईनं सांगितलं, मी धुते. सुरभी म्हणाली, मीपण बसते. दोघी बसल्या.

दर वेळी चिखल ओतून झाला की घमेलं उपडं करायचं, पाण्यानं खळखळून धुवायचं, फडक्यानं पुसायचं आणि सुरभीला आतून दाखवायचं. पहिल्या वेळी बिजलीबाईचा डावा हात तळाला जाऊन चिकटला. तिनं तो उजव्या हातानं ओढून काढला. कोरडं, चकचकीत, रितं घमेलं पाहून तिला कसंसंच झालं. मेलं हे काय काम, असं ती पुटपुटली, आणि मनातल्या मनात आईची माफी मागितली. दुसऱ्या गोणीलाही तसंच झालं. तिसरीपासून हाताला समजलं, पण मनाला शेवटपर्यंत नाही.

धुणं आठवड्यात झालं. वेचायला पंधरा दिवस लागले. बिजलीबाईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता, म्हणून ती डाव्यानं बघायची आणि दर ताटलीनंतर डोळा मिटून बसायची. तिनं पाहिलेली प्रत्येक ताटली सुरभी पुन्हा भिंगाखाली पाहायची. पहिली गोणी, मासे. दुसरी, गोगलगाई. तिसरीत काहीच नाही. चौथीत एक चकाकणारा कण दिसला आणि बिजलीबाईनं घाईनं सुरभीला हाक मारली, तर तो माशाच्या खवल्याचा तुकडा निघाला. पाचवी, सहावी तशाच गेल्या. बबिता रोज दुपारी चहा घेऊन यायची आणि काही न विचारता कप घेऊन परत जायची. एकदा लखन गाडी थांबवून येऊन उभा राहिला. त्याला सगळं बबिताकडून कळलं होतं. थोडा वेळ ताटलीकडं पाहून तो म्हणाला, "याडी, डोये दुखत असतीन तर सोडून दे ना." बस, एवढंच. कित्येक वर्षांत त्यानं आपणहून काढलेला तो पहिलाच शब्द. ती म्हणाली, "एक गोणी राह्यली रे."

सातव्या गोणीची शेवटची चिमूट बिजलीबाईनं ताटलीत पसरली तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. तिनं ती एकदा पाहिली, ताटली फिरवून दुसऱ्यांदा पाहिली, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मग कुंचा खाली ठेवला.

"नाई," ती म्हणाली.

सुरभीनंही पाहिलं. नव्हताच. तिनं वहीत सात गोण्यांपुढं सात शून्यं लिहिली आणि वही मिटली. लेख आता लाल मातीचाच होणार होता, लहानसा, असे बरेच असतात तसला. खालच्या तळ्याचं, आगीतून तगलेल्या जिवाचं त्यात काही येणार नव्हतं. ती बिजलीबाईला म्हणाली की लाल थराच्या लेखातही मी तुमचं नाव लिहीन. बिजलीबाईनं नकाराची मान हलवली. त्यातही घमेल्याची मूठ आहेच ना, ती म्हणाली, मग तथी कशाला माह्या नावाचा टेंभा. सुरभी म्हणाली की लाल थरातले दात खूप आहेत, ते निभावून जातील. पण बिजलीबाईचं मन तेवढ्यानं भरलं नाही. आपल्यामुळं या पोरीचं वाटोळं झालं, ही गोष्ट काही तिच्या मनातून जाईना.

मग सुरभीनं पिशवीतून काचेची एक इवली डबी काढली. तो दात तिच्यात होता. डबीवर चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर ठिकाणापुढं लिहिलेलं, निळा थर. सुरभीनं पेनानं त्यावर रेघ मारली. तिला आता तिथं 'माहीत नाही' असं लिहायचं होतं. ती लिहायला वाकली, तेवढ्यात बिजलीबाईनं विचारलं की काय लिहून राह्यली. सुरभीनं सांगितलं.

"माहीत कसं नाई?" बिजलीबाई म्हणाली. "माह्या घमेल्यातून निंगाला ना तो. त्याच्या आधीचं नाई मालूम, पण तेवढं तर पक्कं हाय. तेवढंच लेही."

सुरभीनं चिठ्ठी सरळ केली. मग तिनं बारीक अक्षरात लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. ठिकाण, बिजलीबाई फकिरा आडे यांचं घमेलं, खेमसिंगतांडा, तालुका दारव्हा.

बिजलीबाईनं तिला पुन्हा एकदा वाचायला लावलं. नाव बरोबर होतं, गाव बरोबर होतं, आणि त्यात कोणाला फसवलेलं नव्हतं.  एवढ्याशा डबीवर, कोणी कधी वाचणार नाही अशा चिठ्ठीवर का होईना, पण ती ओळ लिहिली गेली होती. सुरभी म्हणाली की ही डबी नागपूरला कपाटात राहील, फेकणार नाही कोणी. बिजलीबाई म्हणाली, राहू दे.

सामान आवरलं. चाळण्या, डबे, ताटल्या सुरभीच्या गाडीत गेल्या. घमेलं उरलं. ते तुम्हीच ठेवा मावशी, ती म्हणाली, आता मला त्याचा काय उपयोग. बिजलीबाईनं ते उचललं, पदरानं पुसलं. मग तलावाच्या काठावरची मूठभर ओली माती घेऊन तिनं त्याच्या तळाला नीट दाबून ठेवली. सुरभी पाहत होती. बिजलीबाईनं घमेलं डोक्यावर घेतलं आणि तांड्याची वाट धरली. चढ होता, गुडघे ठणकत होते, म्हणून ती वाटेत दोनदा बसली.